गिरणीतला नंबर

आधी माफी मागतो. ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती बायकांची आहे आणि मी पुरुष आहे. ज्या जिल्ह्याबद्दल लिहितोय तिथं मी एका हिवाळ्यातले थोडेच आठवडे राहिलो. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई-वडील दोघंही आजऱ्याकडच्या काजू कारखान्यात कामाला. त्यामुळे लिहून छापायला देणं हे दुसऱ्या कुणीतरी करायचं काम आहे असं मला अजूनही वाटतं. पण आमच्या सरांनी मागं लागून सांगितलं, आणि ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनी ‘लिही’ म्हटलं, म्हणून लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत, गावं थोडी इकडची तिकडं केली आहेत, आणि एकाचा धंदाही बदलला आहे. का बदलला, ते पुढं कळेल.

मी कोल्हापुरात समाजकार्य शिकतो. शेवटच्या वर्षी कुठल्यातरी संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करावं लागतं. बाकीच्या मुलांनी घराजवळच्या संस्था घेतल्या. यादीत वाशिम जिल्हा उरला होता, तो माझ्या वाट्याला आला.

मालेगाव

हे मालेगाव जहांगीर, नाशिककडचं नव्हे. घरी सांगितलं तेव्हा वडिलांना वाटलं मी यंत्रमागाच्या गावाला चाललो. वाशिमला रेल्वेतून उतरून एसटीनं इथं आलो. सोयाबीन निघून गेलं होतं आणि शेतात तूर उभी होती. आमच्याकडं कुठंही बघितलं तरी डोंगर आडवा येतो. इथं रान इतकं मोकळं की माणूस लांबून येताना बराच वेळ दिसत राहतो. पहिल्या दिवसापासून मला कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटत होतं. पुढं कळलं की ते खरंच होतं.

स्टँडसमोरच्या चहावाल्याला मी महिला मदत केंद्राचा पत्ता विचारला.

“कोन हरवलं तुमचं?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही. मी विद्यार्थी आहे.”

“बायको गेली का बहीन?”

“लग्न नाही झालं माझं.”

“मंग तं बहीनच,” तो शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला आणि माझ्याकडं वळला. “सीधे जा. पेट्रोल पंप लागते. त्याच्या पुढं गोडाऊन, गोडाऊनच्या मांगं.”

गोडाऊनच्या मागं शेळ्या होत्या. तिथल्या हार्डवेअर दुकानदारानं मला उलट दिशेला पाठवलं. तिकडं एका भाजीवाल्या बाईंनी माझी बॅग, बूट, गाव, आडनाव सगळं तपासून घेतलं आणि मग सांगितलं. केंद्र चहावाल्याच्या डोक्यावरच होतं. जिना त्याच्या टपरीला लागून वर जात होता. मी वर चढताना तो माझ्याकडं न बघता कप विसळत होता.

वर वंदनाताई हसत उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. “अजून करून राह्यले का ते? केंद्र बंद पडलं तरी?” त्यांनी मला समजावलं. केंद्र सुरू झालं तेव्हा नवरे आणि भाऊ दारू पिऊन बायकांना शोधत यायचे. म्हणून खालच्या लोकांना सांगून ठेवलं होतं की कुणीही पुरुष पत्ता विचारू लागला की त्याला लांब पाठवा. तो फिरून येईपर्यंत वर खिडकीतून त्याला नीट बघता यायचं, आणि आत बसलेल्या बाईला मागच्या जिन्यानं काढता यायचं. “तू गोडाऊनकडं जाताना मी तुले पाह्यलं. चालीवरून वाटलं, हा कोनाले मारनारा नाही.”

मला हे कौतुक वाटलं नाही. चार दिवसांच्या प्रवासाचा शीण असल्यासारखे पाय दुखत होते.

खोलीत एक चटई, दोन खुर्च्या आणि लहान मुलांच्या खेळण्यांचं खोकं होतं. पाटी काढून भिंतीकडं तोंड करून ठेवली होती. पैसा परदेशातल्या एका सरकारकडून यायचा, दिल्ली-मुंबई अशी वळणं घेत या खोलीपर्यंत. तिकडं सरकार बदललं, परदेशी मदत थांबवायचं ठरलं, आणि इथं मेल आला की आजपासून काम बंद.

“आजपासून म्हंजे आजपासून,” वंदनाताई म्हणाल्या. “त्या वेळी ह्या खुर्चीवर एक बाई बसली होती. बाई आली की मी पहिले पानी देतो, मंग विचारतो. ती पानी पिऊन राह्यली होती. तिले काय सांगू, मेल आला?”

दर गुरुवारी येणाऱ्या वकीलबाई थांबल्या. जीप गेली. वाशिमला रात्रीपुरती आसऱ्याची खोली होती, ती मालकाला परत दिली. वंदनाताई आता सकाळी एका मेडिकलच्या काउंटरवर बसतात आणि दुपारी ही खोली उघडतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, सवय म्हणून, असं त्या म्हणाल्या.

त्या ‘मी देतो, मी विचारतो’ म्हणाल्या ते ऐकून मला एकदम घरी असल्यासारखं झालं. आमच्या कोल्हापूरकडंही बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. आईच बोलतेय असं वाटलं. पण बाकी काहीच घरासारखं नव्हतं.

माझं काम भलतंच निघालं. मला वाटलं होतं मुलाखती घ्यायच्या असतील. वंदनाताईंनी पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा, दोन ब्रश आणि पत्र्याचा एक छाप पुढं ठेवला. तालुक्यातल्या गावांत भिंतींवर केंद्राचा फोन नंबर रंगवलेला होता. तो पुसायचा आणि त्याजागी सरकारी हेल्पलाइनचा नंबर उमटवायचा.

“तो नंबर बंद पडला,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

त्यांनी डब्याचं झाकण उघडायला घेतलं. त्यांच्याकडं दोन फोन होते. एक वाजला की त्या जिन्यात जाऊन बोलायच्या. मला पहिल्याच दिवशी वाटलं की या बाई काहीतरी लपवतायत. परदेशी पैसा, बंद पडलेली संस्था, दोन फोन. वर्गात आम्हाला हिशेब मागायला शिकवलं होतं. मी मनातल्या मनात मागू लागलो.

गावोगावच्या भिंती

वंदनाताईंच्या स्कूटीवर मागं डबा धरून मी बसायचो. दुपारी निघायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं. आमच्याकडच्या भिंतींवर कुस्तीची मैदानं आणि दूध संघ असतो. इथं बियाण्यांच्या जाहिराती, कोचिंग क्लास, आणि मध्येच निळ्या अक्षरांत ‘ताई, एकटी नाहीस’ आणि खाली नंबर. मी आधी नंबर पुसायचो. वरची ओळ ठेवायची की नाही हे विचारायचा धीर झाला नाही, म्हणून ती तशीच ठेवली.

पहिल्या गावात माझा रंग पातळ झाला. वाळल्यावर नंबर खालून पुन्हा वाचता येऊ लागला. पारावरची म्हातारी मंडळी बघत बसली होती.

“आचारसंयता लागली का रे?” एकानं विचारलं. इलेक्शन जाहीर झालं की भिंती पुसतात हे त्यांना ठाऊक होतं.

“नाही, काका.”

“मंग कोनाच्या सांगन्यावरून पुसून राह्यला?”

“संस्थेच्या.”

“ज्याईनं लिवलं, तेच पुसून राह्यले?” त्यांनी बाकीच्यांकडं पाहिलं. “मंग लिवलं कायले होतं?”

एकजण म्हणाला की त्या बाहेरच्या देशानं यांचा डाव ओळखला असेल. दुसऱ्याच्या मते पैसे खाऊन झाले, आता पुरावा मिटवतायत. मी दुसरा हात मारत होतो आणि माझे कान गरम झाले होते, कारण मलाही असंच काहीतरी वाटत होतं.

त्याच्या पुढच्या गावात एक माणूस दुकानातून उठून आला आणि मला चहा पाजला. चांगला, आलं घातलेला. “बरं झालं पुसलं,” तो म्हणाला. “लय घरं फोडली ह्या नंबरनं. माही बायकोबी बोलाले शिकली होती.” मी चहा पिऊन टाकला. नको म्हणायला हवं होतं असं नंतर वाटलं, पण तेव्हा कप हातात होता. दाराआड एक बाई उभी होती. मी भिंतीकडं गेलो तेव्हा ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या नजरेत मी नवऱ्याच्या बाजूचा माणूस होतो.

सरकारी नंबर छापताना मला समाधान वाटायचं की काहीतरी तर उरतंय. एका विहिरीजवळ धुणं धुणाऱ्या बाईला मी तो वाचून दाखवला.

“हाये माईत,” ती म्हणाली. “त्याच्यावर केला का पोलिसाची गाडी येते गावात. साऱ्या गावाले मालूम पडते. मले गाडी नाही पायजे, बाप्पा. मले बोलाचं राह्यते.”

मी वंदनाताईंकडं पाहिलं. त्या पिळे वाळत घालायला तिला मदत करत होत्या.

किन्हीराजा

किन्हीराजातली भिंत गिरणीच्या आत होती. हे वंदनाताईंचंच डोकं. पिठाच्या गिरणीत बाई डबा घेऊन एकटी जाऊ शकते, कुणी विचारत नाही. आणि गिरणी चालू असली की तिथून फोनवर काय बोललं ते दारात उभ्या माणसालाही ऐकू जात नाही. या गावातल्या बायका दळण टाकून नंबर बघायच्या, लावायच्या आणि पीठ होईपर्यंत बोलायच्या.

गिरणी सुमनमावशींची. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. मी ब्रश बुडवला तसा त्यांनी माझा हात धरला.

“हात लावू नको भिताडाले.”

“मावशी, नंबर बंद आहे.”

“बंद हाये?” त्यांनी वंदनाताईंकडं पाहिलं, मग दारात बिडी ओढत बसलेल्या दोघांकडं. मग गिरणीचं बटन दाबलं. मला वाटलं बोलणं संपलं. उलट त्या आमच्या दोघांच्या मध्ये डोकं आणून बोलू लागल्या.

“बंद हाये तं मंजूनं कोनाले फोन केला?”

मंजू म्हणजे गल्लीतली सून, माझ्याच वयाची. नवरा मारतो हे गिरणीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पोळा झाल्यावर एके दिवशी ती ज्वारी घेऊन आली. तिनं इथूनच हा नंबर लावला आणि पूर्ण दळण होईपर्यंत बोलली. जाताना मावशींना म्हणाली, बाई चांगली होती. दुसऱ्या दिवशी मंजू घरात नव्हती. नवरा सांगतो माहेरी गेली. माहेरचा भाऊ म्हणतो, आमच्याकडं आली नाही आणि आम्हाला विचारूही नका.

“मी तं समजलो तुमीच नेलं तिले,” मावशी वंदनाताईंना म्हणाल्या. “म्हनून चूप होतो. तुमी नाही नेलं?”

वंदनाताईंचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा वाचू शकलो. केंद्र पोळ्याच्या कितीतरी महिने आधीच बंद झालं होतं, हे मला माहीत होतं.

मी नंबर माझ्या फोनमध्ये टाकला. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं अ‍ॅप सगळ्यांकडं असतं, माझ्याकडंही आहे. पडद्यावर आलं: ‘इरफान गादीवाले रिसोड’.

काम थांबवायचा मेल आला त्या दिवसापासून एक रुपयाही खर्च करायचा नव्हता, फोनच्या रिचार्जचाही नाही. सिम संस्थेच्या नावावर होतं. ते तसंच पडून बंद झालं आणि काही महिन्यांनी कंपनीनं तो नंबर दुसऱ्या कुणाला विकला. वंदनाताईंनी एकदा सहज लावून पाहिला तेव्हा पुरुषाचा आवाज आला. तेव्हापासून त्या भिंती पुसायला माणूस शोधत होत्या. त्यांनी हे मला गिरणीच्या आवाजातच सांगितलं. “तुले पहिल्याच दिवशी सांगतलं असतं तं तू मुंबईच्या ऑफिसाले कळवलं असतं,” त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

सुमनमावशींनी भिंत पुसू दिली नाहीच. “मंजू कुठं हाये ते सांगा. ज्या दिवशी सांगसान, त्या दिवशी मी सोता चुना मारतो.” मग आम्हाला घरात नेऊन वाढलं. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मी रोडगा हातानं फोडताना बोटं भाजून घेतली आणि त्या हसल्या. मी म्हटलं, तुमचा तर आमच्यावर विश्वास नाही. “मंग?” त्या म्हणाल्या. “संशय हाये म्हनून उपाशी ठेवाचं का?”

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्याच्या हातात असा नंबर पडतो, त्याला काही शोधावं लागत नाही. रडणारी बाई स्वतःच फोन करते. स्वतःच गाव सांगते. नवरा कधी घरी नसतो तेही सांगते. आणि पडद्यावरचं ते नाव वाचून माझ्या मनात आणखी एक संशय आला. तो कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीतल्या ग्रुपवर रोज जे व्हिडिओ येतात, तिथून आला.

रिसोड

रिसोडला आम्ही बसनं गेलो. धान्य बाजाराचं गाव, रस्त्यावर सोयाबीनची पोती आणि जीपवाल्यांच्या हाका. गादीचं दुकान लगेच सापडलं. मी गिऱ्हाईक व्हायचं आणि वंदनाताई माझी आत्या, असं ठरलं होतं.

इरफानभाई दुकानात कापसाच्या ढिगात बसले होते, दाढीतही कापूस. “बोला. गादी, रजई, तकिया?”

“उशी,” मी म्हटलं.

“जोडी का एक?”

“एक.”

“लगन नाही झालं का? एक महिन्यानं झालं तं मंग परत या लागन. जोडी घ्या.” वंदनाताईंकडं बघून, “आत्याबाई, पोराले समजावा.”

ते माझ्या उशीत कापूस भरू लागले. मी दुकान न्याहाळत होतो. आत पडदा होता. मला प्रत्येक गोष्ट संशयाची वाटत होती, बंद कपाटसुद्धा. तेवढ्यात पडद्यामागं फोन वाजला. इरफानभाईंनी तिकडं पाहिलं, पण हात हलवला नाही. आतून बायकी आवाज आला.

“हां, बोल... कोनं मारलं?... दरवाजा लावला का?... रोऊ नको. पहले पानी पी. जा, पी. मी चालू ठेवतो फोन.”

वंदनाताई उठून उभ्याच राहिल्या.

बोलणं संपल्यावर पडदा सरकवून एक बाई बाहेर आली. नसीमभाभी. आम्हाला बघून नवऱ्याला म्हणाली, “कौन हैं ये लोग?”

“तो नंबर माझा होता,” वंदनाताई म्हणाल्या. नाटक संपलं. इरफानभाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला.

“तुमचा होता तं सोडला काहून?” भाभीनं विचारलं.

वंदनाताईंनी मेल, बंदी, रिचार्ज सगळं सांगितलं. भाभी ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. “असं कसं कोनी नंबर सोडते? इतक्या बाया रडून राह्यल्या.”

“मंजू नावाची पोरगी. किन्हीराजाची,” वंदनाताई म्हणाल्या. “पोळ्यानंतर तिनं फोन केला होता.”

“नाही,” दोघं नवरा-बायको एकाच वेळी म्हणाले.

वंदनाताईंनी मग तिला शिकवायला सुरुवात केली. बाईला काय विचारायचं, काय विचारायचं नाही, वाशिमचं सरकारी केंद्र कुठं आहे, दवाखान्यात काय लिहून घ्यायचं. भाभी हात मागं बांधून उभी होती. शेवटी वंदनाताईंनी स्वतःचा, जिन्यात जाऊन बोलायच्या त्या फोनचा नंबर द्यायला चिठ्ठी पुढं केली.

“हाबी बंद पडला तं?” भाभी म्हणाली. पण चिठ्ठी घेतली.

आम्ही स्टँडवर येऊन बसलो तेव्हा इरफानभाई धापा टाकत आले. माझी उशी दुकानातच राहिली होती. ती माझ्या मांडीवर ठेवून ते उभे राहिले. जायला तयार नव्हते.

“पहिले सारे फोन मीच कापले,” ते हळू आवाजात म्हणाले. “ओटीपीवाले वाटले. बायाचा आवाज काढून लुटतात ना. एक पोरगी तं रोज करे. काही नाही बोले, नुसती रडे. मी शिव्या देल्ल्या. मंग तिचा बंदच झाला.”

“कोण होती?” मी विचारलं.

“नाव नाही विचारलं, भाऊ. मंग घरवालीनं फोन हिसकला माह्या हातातून.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “आन हे पाहा. आमच्या घरी कोनी आलं नाही. मंजू नाही, कोनी नाही. दुसऱ्या धरमाची बाई आमच्या घरात राह्यली असं कोनी नुसतं बोललं ना, तं उद्या दुकान नाही राह्यत. समजून राह्यले ना?”

आम्ही समजलो असं म्हटलं. बस निघाल्यावर वंदनाताई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “खोटं बोलून राह्यले.”

“कशावरून?”

“मंजू कोन, असं विचारलंच नाही त्याईनं.”

पुढचे दोन दिवस आमचं भांडण झालं, म्हणजे माझं. मालेगावच्या ठाण्यात मंजू हरवल्याचा अर्ज द्यायचा हे ठरलं. त्यात रिसोडचं नाव लिहायचं की नाही? लिहिलं आणि तिला तिथंच कुठं लपवलेलं असेल, तर नवऱ्याला पत्ता आपणच दिला, शिवाय त्या दुकानावर काय येईल ते वेगळं. नाही लिहिलं आणि तिचं काही बरंवाईट झालेलं असेल, तर ज्यांना माहीत आहे त्यांना आपण वाचवलं. मी म्हणालो लिहू. वंदनाताई म्हणाल्या, थांबू. मला वाटलं त्या घाबरल्यात, नंबर सुटल्याची गोष्ट वर कळेल म्हणून. तसं मी बोललोही.

“असन,” त्या म्हणाल्या. “तेबी असन.” आणि रिसोडचं नाव न घालता अर्ज दिला.

राहिलेल्या गावांतल्या भिंती मी पुसल्या. आता रंग पातळ होत नव्हता. किन्हीराजाची तेवढी तशीच राहिली.

घरी

परत आल्यावर उशी आईला दिली. काजूच्या टरफलांच्या तेलानं तिच्या हातांची कातडी काळी पडली आहे, म्हणून ती उशीला हात न लावता डोक्यानंच सरकवते. कापूस चांगला आहे म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं भिंतींचं, पैशाचं काही विचारलं नाही. रोज कामावरून आली की एकच विचारायची, “त्या पोरीचं काय कळालं काय रं?”

नाही कळलं. मी वंदनाताईंना फोन करायचो, त्या ‘काही नाही’ म्हणायच्या. त्या ‘काही नाही’वरही माझा विश्वास नव्हता. माझा अहवाल लिहून झाला. सरांनी विचारलं की मदत थांबल्याचा परिणाम एका वाक्यात काय सांगशील. मला एक वाक्य सुचलं नाही. मी म्हणालो, सर, नंबर कुणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही. इरफानभाईंची बायको निघाली हे नशीब. तो फोन दुसऱ्या कुणाकडंही जाऊ शकला असता. आणि इरफानभाईंनी कापलेले फोन, त्यांचं काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

परवा वंदनाताईंचा फोन आला. मी कॉलेजच्या जिन्यात होतो.

“सुमनबाईनं भिंत पुसली,” त्या म्हणाल्या.

मी जिन्यातच बसलो. “म्हणजे?”

“मंजू आली होती गावात. वकीलबाईसोबत, शाळेचे कागद न्याले. आता केस लावली तिनं.”

मग सगळं सांगितलं. गिरणीतून फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी मंजू जीपनं रिसोडला उतरली होती. नसीमभाभी स्टँडवर उभी होती. तिनं मंजूला स्वतःचा बुरखा घातला आणि तसंच हिंगोलीच्या बसमध्ये बसवलं. भाभीची बहीण तिथं राहते. मंजू इतके महिने तिच्याकडं रजया शिवत होती. वंदनाताईंनी दिलेली चिठ्ठी भाभीनं बरेच दिवस तशीच ठेवली. आम्ही नवऱ्याची माणसं आहोत की खरी, हे ठरवायला तिला वेळ लागला. ठरल्यावर तिनं स्वतः फोन केला.

“नवरा?” मी विचारलं.

“आला होता ना गिरणीत, बोंबलत. सुमनबाईनं बटन दाबलं. तो काय बोलला ते कोनालेच ऐकू नाही आलं.”

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी. म्हणालो, मग आता सगळं बरं झालं.

“नसीमनं तुले विचारलं हाये,” त्या म्हणाल्या. “किन्हीराजाची भिंत पुसल्यापासून तिचा फोन एकदाबी वाजला नाही. विचारत होती, त्या बाया आता कोनाले फोन करून राह्यल्या?”